मायटर सॉ: नीट बसवायचा कसा आणि हात सांभाळून चालवायचा कसा?

सागवानी, खानापूर

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतोय. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात आता लहानशा सुतारशेडमध्येसुद्धा मायटर सॉ, म्हणजे फिरतं पातं वरून खाली आणून लाकूड सरळ किंवा हव्या त्या कोनात कापणारी विजेची करवत, दिसतो. चौकटी, बिडिंग, फोटोच्या फ्रेमा, गणपतीचं मखर, सगळ्याला तो लागतो. पण मशीन खोक्यातून काढलं, फळीवर ठेवलं, विजेची पिन घातली आणि सुरू केलं, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. सोबतची पुस्तिका कुणी उघडत नाही. वर 'रेघ दिसत नाही' म्हणून पात्यावरचं झाकण तारेनं बांधून ठेवतात. हे बघून जीव वरखाली होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जोड बिघडण्याचं आणि हात जाण्याचं कारण एकच असतं: लाकूड हलणं. ते जागचं हलणार नाही अशी व्यवस्था केली की सफाई आणि सुरक्षितता दोन्ही एकदम मिळतात.

आधी पात्याचा वेग समजून घ्या. १० इंची पातं मिनिटाला साधारण ४,८०० फेरे घेतं. हिशेब केला तर दाताचा वेग सेकंदाला ६० मीटरच्या वर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून जास्त होतो. 'वेळ आली तर हात पटकन मागे घेईन' या भरवशाला इथं काही अर्थ नाही. हात मुळात तिथं नसलाच पाहिजे.

बसवणं. तळाला बोल्टसाठी भोकं असतात, ती वापरा. मशीन डगमगणाऱ्या टेबलावर किंवा जमिनीवर ठेवून चालवू नका. उंची कमरेच्या आसपास, म्हणजे वाकावं लागणार नाही आणि खांदेही उचलावे लागणार नाहीत अशी. दोन्ही बाजूंना मशीनच्या पाटाशी (लाकूड ठेवायच्या सपाट जागेशी) तंतोतंत एका पातळीत आधार हवा. सात-आठ फुटी पट्टी एका बाजूला लोंबत असेल तर ती पाटावरून उचलली जाते आणि काप वाकडा येतो. उलट दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये झोळ असेल तर कापताना फट मिटते, पातं आवळलं जातं आणि लाकूड उसळतं. पलीकडचं टोक पोराला धरायला सांगणं हा आधार नव्हे. तो नकळत वर-खाली करतोच. घोडी करा, रोलर लावा, पण आधार स्थिर ठेवा.

काटकोन तपासणं. कारखान्यातून सेट होऊन आलंय म्हणून विश्वास ठेवू नका, वाहतुकीत धक्के बसतात. विजेची पिन काढा. डोकं (मोटार आणि पातं असलेला वरचा भाग) खाली दाबून खिट्टी लावा. गुण्याची (काटकोन तपासायच्या अवजाराची) एक बाजू फेन्सला (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीला) आणि दुसरी पात्याच्या अंगाला टेकवा. दाताला टेकवू नका, दात पात्याच्या अंगापेक्षा जाड असतात आणि माप चुकतं. फट दिसली तर फेन्सचे बोल्ट ढिले करून फेन्स सरळ करा. तसाच गुण्या पाटावर उभा धरून पात्याचा झुकावही बघा.

खरी परीक्षा मात्र लाकडावर. दोन्ही कडा समांतर असलेली रुंद फळी घ्या, शून्य अंशावर, म्हणजे सरळ कापा. एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला लावून कापलेली तोंडं एकमेकांना भिडवा. दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून अर्ध्या सुताची चूकही डोळ्याला सापडते. फट रुंदीत उघडत असेल तर फेन्सचा दोष, जाडीत उघडत असेल तर झुकावाचा.

कापणं. लाकूड पाटाला आणि फेन्सला, दोन्हीला घट्ट. फळीला बाक असेल तर फुगीर अंग फेन्सकडे. खोलगट अंग फेन्सला लावलं तर बरोबर कापाच्या जागी पोकळी राहते. पात्यापासून हात दोन्ही अंगाला किमान सहा इंच लांब. हात एकमेकांवरून ओलांडू नका, म्हणजे डाव्या हातानं उजव्या बाजूचं लाकूड धरणं बंद. जमेल तिथं क्लॅम्पच लावा. पातं पूर्ण वेगाला आल्यावरच लाकडाला लावा, सावकाश खाली न्या. काप पुरा झाला की बटण सोडा आणि डोकं खालीच धरून ठेवा. पातं थांबलं की मगच वर. फिरतं पातं वर उचलताना बाजूचा तुकडा त्यात अडकून उडतो, आणि नुकतीच झालेली सफाईही बिघडते.

सरकतं डोकं असलेल्या मशीनला एक जास्तीचा नियम आहे. रुंद फळीसाठी आधी डोकं आपल्याकडे ओढून घ्यायचं, मग सुरू करून खाली दाबायचं आणि फेन्सकडे ढकलत कापायचं. आपल्याकडे ओढत कापलं तर पातं लाकडावर चढून अंगावर येतं.

पाती, वीज, धूळ याबद्दल ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी.

घटप्रभाकाठ, गोकाक

फार उपयोगी. पालथ्या तुकड्याची परीक्षा आजच करून बघतो.

एक विचारायचं होतं. आमच्या शेजारी फॅब्रिकेशनवाला आहे, त्याच्याकडे लोखंड कापायचा १४ इंची चॉप सॉ आहे. त्यालाच लाकडाचं पातं लावलं तर चालेल का? तो म्हणतो, बसतं.

उद्यमबागी, बेळगाव

बसतं, पण लावू नका. कळकळीनं सांगतो.

तो चॉप सॉ घासून कापणाऱ्या चाकासाठी बनवलेला असतो. त्या चाकाला दात नसतात, म्हणून त्याचं झाकण, धरायचा शिकंजा, मागचा आधार, सगळं त्या हिशेबानं केलेलं असतं. तिथं दातेरी पातं आलं की ते लाकडात रुततं आणि ओढून घेतं. मायटर सॉला डोक्याबरोबर आपोआप मिटणारं जे खालचं झाकण असतं, तसं पुरतं झाकण त्या मशीनला बऱ्याचदा नसतं. पात्यावरचा कमाल वेगाचा आकडाही मशीनच्या वेगापेक्षा जास्त असायलाच हवा. तो न बघता कोणतंही पातं कोणत्याही मशीनला चढवायचं नाही.

उलटंही तितकंच वाईट. मायटर सॉला लोखंड कापायचं चाक लावलं की ठिणग्या थेट भुश्याच्या पिशवीत जातात. आग लागायला वेळ लागत नाही.

अ‍ॅल्युमिनियम सेक्शन मायटर सॉवर चालतात, पण त्यासाठीचं वेगळं पातं घ्या. त्याच्या दातांचा कल उणे असतो, म्हणजे दात किंचित मागे झुकलेले असतात. सेक्शन क्लॅम्पमध्येच धरा, आणि तिथं भुसा साठलेला असेल तर आधी झाडून काढा.

आणि हात जोडून एक. चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणं बंद करा. ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, त्याला ना पाट ना फेन्स. मायटर सॉ घ्यायची ऐपत होईपर्यंत हातकरवत आणि मायटर बॉक्स (ठरलेल्या कोनांच्या चिरा असलेला खोका) वापरा, काम सुबक होतं.

सागवानी, खानापूर

धन्यवाद, हे वेगळं सांगायलाच हवं होतं. पात्याबद्दल थोडं वाढवतो. दुकानात '१० इंची, लाकडाचं' एवढंच सांगून पातं घेऊ नका. मधल्या भोकाचं माप बघा: काही मशीनला २५.४ मिलिमीटर, काहींना ३० लागतं. दात जेवढे कमी तेवढा काप भरभर आणि खरबरीत. २४ दातांचं पातं चौकटीच्या जाड लाकडाला, ६० ते ८० दातांचं बिडिंग आणि फ्रेमला. दाताचा पुढचा कलही विचारा. टेबल सॉवर (पातं टेबलातून वर आलेलं असतं त्या मशीनवर) फळी उभी चिरायच्या पात्याचा कल २० अंशांपर्यंत असतो. ते मायटर सॉला लावलं की लाकूड ओढलं जातं. इथं कल उणे ५ ते अधिक ५ अंशांच्या आसपासचा बरा.

पातं बदलताना आधी पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मधला बोल्ट बहुतेक मशीनवर उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवला की सुटतो. उलटा जोर लावून लोक तो आणखी आवळतात. पात्यावरचा बाण आणि झाकणावरचा बाण एकाच दिशेला हवेत.

ऊसपट्टा, अथणी

विजेबद्दल मी लिहितो, कारण आमच्या भागात तीच मोठी अडचण.

१,६५० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सात अँपिअरच्या आसपास घेतं, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून घरातल्या ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावू नका, १६ अँपिअरचं सॉकेट घ्या. लांब वायर लागणार असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, आणि वापरताना पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर तापते. शेडला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा, विशेषतः पावसाळ्यात ओल असते तेव्हा.

उसाला पाणी सोडायच्या वेळी सगळ्या मोटारी एकदम लागतात आणि व्होल्टेज खाली बसतं. पात्याचा आवाज जड झाला की ओळखा. अशा वेळी जोर लावून कापत राहिलात तर पातं अडकतं आणि मोटार जळते. थांबा, रात्री किंवा पहाटे काम काढा.

मुख्य सांगायचं म्हणजे कापता कापता वीज गेली तर बटणावरचं बोट लगेच उचला आणि पिन काढा. बरेच जण बटण दाबलेलंच ठेवून 'गेली बघ' म्हणत हातानं लाकूड सोडवायला जातात. वीज कधी परत येईल हे आपल्या हातात नाही. बटण दाबून ठेवायला रबर किंवा टेप गुंडाळणं तर अजिबात नको.

मखरवाली, शहापूर (बेळगाव)

मी घरीच फोटो फ्रेमा आणि मखरं करते. मला बारीक तुकड्यांची भीती वाटते. दीड-दोन इंचांचे तुकडे कितीतरी लागतात, तेवढ्यात बोटं सहा इंच लांब कशी ठेवायची? दुसरं म्हणजे सगळे तुकडे एका मापाचे यावेत म्हणून फेन्सवर ठोकळा लावते, तर कधी कधी कापलेला तुकडा टण्णकन उडतो.

पटाशी, वडगाव (बेळगाव)

ताई, बारीक तुकडा हातानं धरायचाच नाही बघा. लांब पट्टी घ्यायची, तिच्या टोकाकडनं एकेक तुकडा कापत यायचं, म्हणजे हात लांब राहतो. पट्टी कापत कापत आखूड झाली की उरलेलं बाजूला ठेवायचं. फुकट जातंय म्हणून त्याच्यातनं शेवटचा तुकडा काढायला जायचं नाही. तेवढ्या लाकडाची किंमत ती काय हो.

तुकडा उडतो तो ठोकळ्यामुळंच. ठोकळा एका बाजूला, पातं दुसऱ्या बाजूला, मध्ये सुटलेला तुकडा. त्याला जायला जागा नाही. थोडा तिरका झाला की पात्यात अडकतो आणि उडतो. म्हणून ठोकळा नेहमी आपण धरलेल्या बाजूला लावायचा, पडणाऱ्या तुकड्याला टेकून कधीच नाही. पडणारा तुकडा मोकळा पाहिजे.

आता तुम्हाला बारीक तुकडाच मापाचा पाहिजे. मग असं करा: पडणाऱ्या बाजूला ठोकळा लावा, पण तुकड्याच्या मापापेक्षा लांब ठेवा आणि ठोकळा अन् पट्टीच्या मध्ये दुसरा बारीक गुटका धरून माप घ्या. पट्टी गुटक्याला टेकवायची, क्लॅम्प आवळायचा, गुटका काढून घ्यायचा, मग कापायचं. तुकडा मोकळा राहतो आणि माप सगळ्यांचं एकच येतं.

आणखी एक. मशीनच्या फेन्समध्ये पात्याजवळ मोठी फट असते, तुकडा त्या फटीतनं मागं जातो. फेन्सवर एक सरळ पट्टी स्क्रूनं मारा, पाटावर पातळ प्लाय टाका, आणि एकदा आरपार कापून घ्या. पात्याएवढीच चीर राहते. तुकडा पडायला तळ मिळतो, खालची कड फुटत नाही, आणि रेघ कुठं मारायची ते चीर बघूनच कळतं. ते केलं की झाकण वर बांधायची गरजच राहत नाही. पट्टी मारताना स्क्रू पात्याच्या वाटेत येत नाही ना, तेवढं बघा.

मखरवाली, शहापूर (बेळगाव)

पटाशी काका, गुटक्याची युक्ती आवडली. आज संध्याकाळी करते.

सीमेवरचा, निपाणी

सगळं पटतंय, पण झाकणाबद्दल वेगळं मत मांडतो. रोज शेकडो काप असतात तिथं झाकण अडकत-अडकत उघडतं, काम रखडतं. अनुभवी कारागिराला सूट द्यायला काय हरकत?

सागवानी, खानापूर

झाकण अडकत असेल तर ते साफ करायचं असतं. सागाचा चीक आणि भुसा त्याच्या सांध्यात बसतो. पिन काढा, कोरड्या ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं चीक पुसा, स्प्रिंग तपासा. अगदी हलकं उघडतं आणि आपोआप मिटतं. तेल भरपूर ओतू नका, त्यावर भुसा आणखी चिकटतो.

अनुभवाबद्दल तर उलट वाटतं मला. शेकडो काप करणाऱ्याचंच लक्ष शेवटी शेवटी उडतं, हात सवयीनं चालतो. झाकणाची गरज त्यालाच जास्त. शेडमध्ये शिकायला येणारी पोरं आपल्याकडे बघूनच शिकतात, हेही आहे. माझ्याकडे मशीनच्या वर भिंतीवर नियम मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून लावलेत, कारण हाताखाली दोन्हीकडची मुलं असतात.

सीमेवरचा, निपाणी

चीक साफ करण्याचा मुद्दा मान्य. रविवारी झाकण उतरवून बघतो.

मलप्रभा, कणकुंबी रोड

हातमोजे घालावेत की नाही? आणि धुळीचं काय?

उद्यमबागी, बेळगाव

पातं बदलताना हातमोजे जरूर. मशीन चालू असताना नकोत, धागा अडकला तर हात ओढला जातो. गळ्यातला टॉवेल, सैल बाह्या, अंगठी, हातातला गंडा, सगळं काढून ठेवायचं. ओढणी किंवा पदर असेल तर घट्ट खोचून, केस बांधून. चष्मा बाजूनंही बंद असलेला हवा.

धुळीला हलकं घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे, नाकाच्या आतल्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) धूळ तर फार बारीक. मशीनच्या पिशवीत निम्मीच धूळ जाते असं समजा. एन ९५ मास्क लावा, शक्य असेल तर व्हॅक्यूम जोडा, तोंडावर नुसता रुमाल बांधून भागत नाही. आवाजही १०० डेसिबलच्या आसपास जातो, कानाला मफ लावाच.

जुन्या वाड्याचं लाकूड कापणाऱ्यांनी आधी लोहचुंबक फिरवून खिळे बघावेत. वर दिसत नाहीत, आत मोडलेले असतात.

घटप्रभाकाठ, गोकाक

माझ्या मशीनवर ४५, ३०, २२.५ अंशांच्या खाचा आहेत, पण ३१.६ ला एक वेगळी खाच कशाला दिलीय?

उद्यमबागी, बेळगाव

छत आणि भिंतीच्या कोपऱ्यात बसवायच्या लाकडी मोल्डिंगसाठी. ते पाटावर आडवं ठेवून ३१.६ वर फिरवायचं आणि पातं ३३.९ वर झुकवायचं की काटकोनी कोपरा जुळतो. आपल्याकडे तिथं पीओपी करतात, त्यामुळे फारसं लागत नाही. २२.५ मात्र अष्टकोनी चौरंगाला कामाला येतं.

मखरवाली, शहापूर (बेळगाव)

शेवटचा प्रश्न. श्रावणात केलेल्या फ्रेमांचे कोपरे अगदी घट्ट होते. त्याच फ्रेमांना संक्रांतीपर्यंत कोपऱ्यात फट दिसते. मग ४५ अंशांचा काप चुकतोय का? फेन्स पुन्हा तपासली, बरोबर आहे.

सागवानी, खानापूर

ताई, फट कोपऱ्याच्या आतल्या टोकाला आहे की बाहेरच्या?

मखरवाली, शहापूर (बेळगाव)

आतल्या. बाहेरची टोकं भिडलेली आहेत. चारही कोपऱ्यांत तसंच.

सागवानी, खानापूर

मग मशीनचा दोष नाही, लाकूड ओलं होतं. लाकूड वाळताना रुंदीत आटतं, लांबीत जवळजवळ आटतच नाही. पट्टी रुंदीत कमी झाली की ४५चा काप आपोआप ४५पेक्षा कमी होतो, बाहेरची टोकं भिडलेली राहतात आणि आतून फट उघडते. कोरड्या दिवसांत केलेली फ्रेम पावसाळ्यात फुगली तर उलट, बाहेरून उघडते. पट्टी जेवढी रुंद तेवढी फट मोठी. फेन्सच चुकली असती तर फट पहिल्याच दिवशी दिसली असती. शिवाय एक टोक डावीकडे ४५ आणि दुसरं उजवीकडे ४५ असं कापत असाल तर फेन्सची चूक एका बाजूला वाढते, दुसरीकडे तेवढीच कमी होते. कोपरा ९०चाच जुळतो, फक्त कापलेल्या तोंडांची लांबी किंचित कमी-जास्त येते. एकाच बाजूला ठेवून पट्टी पालथी करत कापलं तर मात्र चूक साठत जाते: अर्धा अंश चूक, चार कोपऱ्यांचे आठ काप, म्हणजे शेवटच्या कोपऱ्यावर चार अंश.

उपाय असा. पट्ट्या उन्हाळ्यातच घेऊन ठेवा, घरात माळ्यावर मध्ये काड्या घालून रचा, वारं खेळू द्या. ओलाव्याचं मीटर मिळालं तर १२ टक्क्यांच्या वर असलेली पट्टी फ्रेमला घेऊ नका. फ्रेम रुंदच हवी असेल तर कोपऱ्यात आडवी चीर पाडून पातळ लाकडी पट्टी गोंद लावून बसवा, जोड धरून राहतो. ही चीर मायटर सॉवर पाडायला जाऊ नका, फ्रेम त्यावर नीट धरता येत नाही. हातकरवतीनं पाडा.